बारा टोचण्या, एक नमुना

चाकणच्या एका कंपनीतल्या तपासनिसाने मला फसवलं. माझ्या एकाच पॅलेटला त्याने बारा ठिकाणी मीटर टोचलं आणि कागदावर लिहिलं, 'नमुने : बारा. ओल मर्यादेबाहेर. माल नापास.' मी दीडशे पॅलेट पाठवली होती. उरलेल्या एकशे एकोणपन्नासांना त्या माणसाने हातसुद्धा लावला नव्हता. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. राग मला येतो, ते आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे मी सिद्ध केलेलं आहे, आणि ते सिद्ध करताना आमच्या घरात जे पाच दिवस गेले, तसे मजेचे दिवस मला गेल्या कित्येक वर्षांत आठवत नाहीत.

पॅलेट म्हणजे लाकडी फळ्यांचा बुटका चौथरा. त्यावर गाडीच्या सुट्या भागांचे खोके रचतात आणि फोर्कलिफ्ट खालून दात घालून सगळं एकदम उचलते. बीडकडून भोसरीत आलो तेव्हा मी मिसरूड फुटलेला पोरगा होतो आणि खोक्यांना खिळे ठोकायचो. आज कुरुळीजवळ माझी स्वतःची शेड आहे. मधल्या काळात मी एक गोष्ट शिकलो, ती म्हणजे लाकूड ऐकणं. वखारीत गेलो की मी आधी भावाचं बोलतच नाही. फळी उचलतो, बोटाच्या पेराने वाजवतो. कोरडी फळी ठण्ण बोलते, ओली भद्द. मग भाव. वखारवाले मला बघून फळ्या उन्हात टाकतात, असं लोक म्हणतात. म्हणू देत.

ओली फळी गेली तर खोक्यातल्या लोखंडी भागांना गंज धरतो, म्हणून कंपनीची अट असते की लाकडात ओल वीस टक्क्यांच्या आत हवी. गणपती उठून आठवडा झाला होता, हवा दमट होती. दीडशे पॅलेट भरलेला ट्रक गेला तसा संध्याकाळी परत आला, आणि ड्रायव्हरने सांगितलं की गेटवरच्या फळ्यावर माझ्या नावाचं लाल कार्ड लागलंय. तो फळा माल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. माझ्यासारखे अजून चार पॅलेटवाले त्याच गेटमधून जातात. लाल कार्ड बघून त्यांतल्या एकाने ड्रायव्हरजवळ निरोप पाठवला होता, "शेठला म्हणावं, पॅलेट पाठवा, होड्या नको."

मी मालआवक विभागाच्या मॅनेजरला फोन लावला. माझं लाकूड कोरडं आहे, मी स्वतः वाजवून घेतलंय, असं मी चढ्या आवाजात चार वेळा सांगितलं. मॅनेजर शांत माणूस. शांत माणसांचा मला जास्त राग येतो.

"आवाज म्हणजे डेटा नव्हे हो," तो म्हणाला. "आमच्याकडे बारा रीडिंग आहेत. तुमच्याकडे काय आहे? आठ दिवसांत आकडे आणा. नाहीतर पुरवठादारांच्या यादीतून नाव काढावं लागेल."

यादीतून नाव जाणं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगायला नको होतं. तीस वर्षांत 'याचं लाकूड कोरडं' एवढं एकच नाव मी कमावलं आहे. दुसरं माझ्याकडे काही नाही. शिक्षण तर नाहीच.

तपासणीच्या कागदाबरोबर मोबाइलवर बारा फोटो आले होते. प्रत्येकात मीटरच्या दोन सुया लाकडात घुसलेल्या आणि आकडा लाल. बावीस, चोवीस, तेवीस. दुसऱ्या दिवशी सकाळी शेडवर आमच्या मिस्त्रींना मी ते दाखवले. मिस्त्री इथलेच, खेडच्या बाजूचे. बोलणं अगदी कमी. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी धरला आणि एकेक फोटो बोटाने सरकवत गेले. मग परत पहिल्यापासून.

"मालक, ही गाठ बघा," ते म्हणाले. "म्हशीच्या डोळ्यावानी. मधी उभी चीर."

गाठ मला दिसली. पुढच्या फोटोतही दिसली, जरा कोपऱ्यात. त्याच्या पुढच्यात तिचा अर्धाच भाग होता, पण चीर तीच.

"ह्यो डोळा मी वळखतो," मिस्त्री म्हणाले. "म्याच ठोकलीय ही फळी. बाराच्या बारा फोटूत योकच पॅलेट हाय."

आम्ही दोघांनी परत आलेल्या मालातून ते पॅलेट हुडकून काढलं. थप्पीत सगळ्यांत खालचं होतं. त्याच्या एका अंगाला अजून चिखलाचा पट्टा होता. म्हणजे कंपनीच्या आवारात माल उतरवला तेव्हा हे पाण्याच्या डबक्यात बसलं होतं, आणि तपासनिसाने थप्पी उतरवायला नको म्हणून बाहेरून दिसणारी तीच एक कड बारा वेळा टोचली होती.

मी तिथूनच चाकणला निघालो होतो. गाडीची किल्लीसुद्धा लावली. पण बायकोचा फोन आला की सांगवीहून ताई जेवायला आली आहे, घरी या. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, सांगवीच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. तिच्या वाक्याला खळखळ करता येत नाही. मी घरी, निगडीला आलो आणि जेवता जेवता सगळं सांगितलं. फोटो दाखवले. बायको हसायला लागली. ताईने मात्र घास ताटात ठेवला.

"बारा वेळा टोचलं म्हणजे बारा नमुने होत नाहीत," ती म्हणाली. "नमुना एकच."

"आणि तो माझ्या घरात आहे," बायको म्हणाली.

मी म्हणालो, बघा, म्हणजे मी जिंकलो. आता जातो आणि त्या मॅनेजरच्या टेबलावर फोन आपटतो. ताईने विचारलं, काय सिद्ध होईल त्याने? मी म्हणालो, त्यांची तपासणी खोटी. ती म्हणाली, बरोबर. पण त्यांचं चुकलं म्हणजे तुमचं बरोबर असं होत नाही, पाहुणे. तुमचं लाकूड कोरडं आहे हे अजून कोणीच दाखवलेलं नाही, तुम्हीसुद्धा.

मी ताटावरून उठलो आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. तिथे पाच मिनिटं काढली. आत दोघी बहिणी माझ्याबद्दल बोलत नव्हत्या, श्रीखंडाबद्दल बोलत होत्या, याचा मला आणखी राग आला. मग मी आत जाऊन विचारलं, बरं, कसं दाखवायचं?

माझी बायको केक करते. ऑर्डरचे, वाढदिवसाचे, निगडी-आकुर्डीपर्यंत जातात. ताईने त्या दिवशीचा केक पुढे ओढला आणि मला त्याच्यावरून समजावलं. केक मऊ आहे, पिवळा आहे, छान झालाय, ही झाली एक प्रकारची माहिती. शब्दांतली. तुमचं ठण्ण आणि भद्द त्याच जातीचं आहे. मॅनेजर म्हणतो आवाज म्हणजे डेटा नव्हे, ते त्याचं चूक आहे. डेटाच आहे तो, फक्त त्याच्यावर दोन माणसांचं भांडण मिटत नाही. मग केकचे तुकडे किती, आठ की दहा, ही मोजायची माहिती. साडेआठ तुकडे कोणी मोजत नाही. आणि केकचं वजन किती, ही मापायची माहिती. तिथे काटा बारीक असेल तेवढं खोल जाता येतं. लाकडातली ओल हे माप आहे, आणि ते मीटरशिवायही काढता येतं. तुकडा तोला, भट्टीत वाळवा, परत तोला. जेवढं उडालं तेवढं पाणी.

"भट्टी कुठून आणायची?" मी विचारलं.

दोघींनी एकदम स्वयंपाकघराकडे पाहिलं.

त्याच दुपारी मी शेडवरून बारा तुकडे कापून आणले. उत्तम तुकडे. एकेक वाजवून घेतलेला. ताईने ते टेबलावर मांडले आणि विचारलं, कसे निवडले? मी म्हणालो, चांगले बघून. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. शाळेतली मुलं त्या नजरेला काय म्हणत असतील ते मला कळलं. तपासनिसाने नापास करायला सोपं ते एक पॅलेट घेतलं, मी पास व्हायला सोपे ते बारा घेतले. माझ्या आणि त्याच्या कामात फरक एवढाच की मी कष्ट जास्त केले होते.

मग किती पॅलेटांतून घ्यायचे यावर आमचा सौदा झाला. प्रत्येक नमुन्यासाठी पॅलेट उसकटायचं, फळी काढायची, नवी ठोकायची. ताई म्हणाली तीस. मी म्हणालो पाच.

"बत्तीस," ती म्हणाली.

"सात."

"पस्तीस."

मी म्हणालो, ताई, सौद्यात समोरचा वर आला की आपण खाली यायचं असतं. ती म्हणाली, सौदा तुम्ही करताय, मी नाही. बायको दारात उभी राहून म्हणाली, अहो, तीस घ्या आणि गप्प बसा, नाहीतर दीडशेच्या दीडशे उसकटायला लावेल. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याच्या पहिल्या आकड्यावर आलो. तीस ठरले.

कोणते तीस, हे मला ठरवू द्यायचं नव्हतं. मिस्त्रींनी दीडशे पॅलेटांवर खडूने नंबर टाकले. बायकोने दीडशे चिठ्ठ्या केल्या आणि भिशीच्या डब्यात भरल्या. योगायोगाने दुसऱ्या दिवशी तिची भिशीच होती. त्यामुळे भिशीची चिठ्ठी निघाल्यावर बिल्डिंगमधल्या बायकांनी माझ्या तीस चिठ्ठ्याही काढल्या. प्रत्येक आकड्याला टाळ्या वाजत होत्या. सत्याहत्तर नंबर निघाला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, यात मिळतं काय? बायको म्हणाली, लाकडाचा तुकडा. काकू म्हणाल्या, मग माझं नाव काढून टाका.

निघालेल्या तीसमध्ये ते म्हशीच्या डोळ्याचं पॅलेट नव्हतं. पण शेडच्या भिंतीकडेची दोन होती, आणि मला माहीत होतं की तिथे पत्रा गळतो. मी ताईला म्हणालो, या दोन चिठ्ठ्या परत डब्यात टाकूया. उत्तरादाखल तिने डब्याला झाकण लावलं.

तुकडे प्रत्येक फळीच्या मधून कापले, कड सोडून. कापल्याबरोबर केकच्या पिशव्यांत बांधले, म्हणजे ओल उडणार नाही. आता भट्टी. ताईने विचारलं, ओव्हनचा आकडा खरा आहे का? बायको म्हणाली, मुळीच नाही. शंभरवर ठेवला की आत एकशे वीस असतं, म्हणून तर मी आत वेगळा थर्मामीटर टांगते. मला आठवलं, पहिल्या वर्षी तिचे केक करपायचे आणि मी तिलाच बोल लावायचो. मी विषय बदलला. बायकोने बदलू दिला नाही.

काट्याचं तर त्याहून वाईट. ताईने नियम घातला की प्रत्येक तुकडा तिघांनी वेगवेगळा तोलायचा, मी, बायको आणि मिस्त्री, आणि एकमेकांचा आकडा बघायचा नाही. काटा शेवटच्या आकड्यावर जरा नाचतो. चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, चौऱ्याऐंशी. ज्याला जो वाटेल तो त्याने लिहायचा. ओले तुकडे तोलून झाले, दोन दिवस भट्टीत वाळले, वजन उतरायचं थांबलं तेव्हा परत तोलले. ताईने तिन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि एकेक ओळ बोटाने जुळवत गेली.

"पाहुणे," ती म्हणाली, "ओला तुकडा तोलताना तुमचा आकडा नेहमी एकाने कमी. वाळलेला तोलताना नेहमी एकाने जास्त."

मिस्त्रींनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

मी मुद्दाम केलं नव्हतं. हे मी आजही शपथेवर सांगतो. आकडा नाचत होता आणि माझा डोळा आपोआप माझ्या फायद्याच्या आकड्यावर थांबत होता. आयुष्यभर काट्यासमोर उभं राहिल्यावर डोळ्याला सवय लागते. वखारीत ती सवय मला उपयोगी पडते. तिथे समोरच्याचाही डोळा तसाच असतो, म्हणून शेवटी मधला आकडा निघतो. इथे समोर कोणी नव्हतं. मी चिडलो, वही मिटली, म्हणालो की मग माझे आकडे फाडून टाका. ताई म्हणाली, फाडायचं काही नाही. तिघांचे लिहू, आणि तिघांत किती फरक पडतो तेही लिहू. ज्याला फरक लपवायचा नाही, त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात.

ते दोन दिवस आमच्या सबंध मजल्यावर पाइनचा वास होता. लोक जिन्यात थांबून विचारायचे, नवीन कोणता केक? बायको सांगायची, कुरुळी स्पेशल. एकाने खरोखर ऑर्डर दिली. दुपारी ट्रे आत असला की आम्ही चौघं डायनिंग टेबलाशी चहा घेत बसायचो. मिस्त्री, जे शेडवर दिवसाला वीस शब्द बोलत नाहीत, ते लहानपणी इंद्रायणीत पोहायचे त्या गोष्टी सांगायला लागले. वजनं झाल्यावर बायकोने ओढणीने माझे डोळे बांधले आणि मिस्त्रींनी त्याच तीस फळ्यांचे उरलेले, न वाळवलेले तुकडे वाजवायला घेतले. मी ठण्ण की भद्द ते सांगायचं, ताई लिहिणार. तीसातल्या सव्वीसांना माझा कान वजनाशी जुळला. मी ओढणी सोडून टेबलावर हात आपटला. मग ताईने हळूच सांगितलं की तिने एक तुकडा मधे परत वाजवायला लावला होता, आणि तोच तुकडा मी एकदा कोरडा आणि एकदा ओला सांगितला. मी म्हणालो, ही फसवणूक आहे. ती म्हणाली, ही तपासणी आहे. बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मग मलाही हसू आवरेना. माझ्या कानाने मला पोसलं आहे, त्याची अशी परीक्षा कोणी घेतली नव्हती. आणि सव्वीस काही वाईट नाहीत.

शेवटी आकडे असे निघाले. तीसपैकी एकोणतीस वीसच्या आत, बहुतेक सतरा-अठराच्या आसपास. एक चोवीस. तो गळक्या पत्र्याखालचा. मी ताईला हात जोडून म्हणालो की हा एक गाळू. एकोणतीसच लिहू, तीस कोण मोजतंय. तिने तो आकडा लाल शाईने लिहिला आणि पुढे कारणही लिहिलं, 'शेडचा पत्रा गळतो.' मी दोन तास तिच्याशी बोललो नाही. त्या दोन तासांत मी शेडवर गेलो आणि पत्रा बदलला.

सातव्या दिवशी मी आणि मिस्त्री चाकणला गेलो. मॅनेजरने कागद बघितले. तीन वह्या, तीस नंबर, चिठ्ठ्यांची पद्धत, भट्टीचं तापमान. तो लाल आकड्यावर थांबला.

"हा तुम्हीच लिहिलात?"

मी म्हणालो, माझ्या मेहुणीने. मी गाळत होतो.

तो पहिल्यांदा हसला. म्हणाला, तीसच्या तीस चांगले आणले असते तर मी फाईल बाजूला ठेवली असती. इतकं गुळगुळीत कोणाचंच नसतं. मग मी त्याच्यापुढे बारा फोटो ठेवले आणि मिस्त्रींनी बोटाने गाठ दाखवली. एक, दोन, तीन, अशी बारा वेळा. मॅनेजरचा चेहरा उतरत गेला. त्याने तपासनिसाला बोलावलं. तिशीतला, नीटनेटक्या शर्टातला माणूस. तो म्हणाला, सर, फोर्कलिफ्ट मोकळी नव्हती, थप्पी उतरवता आली नाही, बारा रकाने भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मी ऐकून घेतलं. रकान्यांचं त्याचं म्हणणं खरं असेल. पण मग रकान्यात 'पॅलेट एक, टोचण्या बारा' लिहायला कोणी हात धरला होता?

लाल कार्ड त्याच दुपारी उतरलं. दीडशे पॅलेट परत गेली, एव्हाना वाळलेल्या म्हशीच्या डोळ्यासकट, आणि सगळी घेतली गेली. यादीत माझं नाव आहे. ताईला आम्ही सांगवीला सोडायला गेलो तेव्हा गाडीत सगळे गात होतो. मला धरून. होड्यांचा निरोप पाठवणाऱ्या त्या पॅलेटवाल्याला मी केक पाठवला. कुरुळी स्पेशल.

एवढं सगळं झाल्यावर कंपनीचं पत्र आलं. एक ओळ. 'पुनर्तपासणीत माल योग्य आढळला.' जणू लाकूड आधी ओलं होतं आणि आठ दिवसांत सुधारलं. जुन्या नोंदीत 'नमुने : बारा, नापास' तसंच आहे. मी दोनदा लिहून विचारलं, दोनदा उत्तर आलं की नोंद बंद झाली आहे.

माझी नोंद बंद झालेली नाही. माझ्या चुका मी माझ्या कागदावर लाल शाईने लिहू दिल्या, सही केली. आता त्या तपासनिसाने त्याच रजिस्टरमध्ये, त्याच ओळीखाली, स्वतःच्या हाताने लिहावं की नमुना एकच होता, आणि खाली सही करावी. त्याला ते जमत नसेल तर मॅनेजरने करावी. दोघांपैकी कोण करणार आहे, एवढंच मला सांगा, आणि लेखी सांगा.